एकसष्ट किलो

मित्रांनो, तुरुंगाच्या दवाखान्यात मी तीस वर्षं उभा होतो. मी वजनकाटा. खाली लोखंडी पाट, मागे खांब, वर सरकणारं वजन. नवा होतो तेव्हा दवाखान्यातले कंपाउंडर मला रोज फडक्याने पुसायचे आणि कौतुकाने म्हणायचे, "हा कधी खोटं बोलत नाही."

फाशीचे कैदीही माझ्यावर उभे राहत. कुणी खून केलेला, कुणी देशाची गुपितं विकलेली. त्यांतच एक परदेशी शिंपी होता. ओळखीच्या माणसाची बॅग त्याने सीमेपलीकडून आणली आणि तिच्यात अमली पावडर निघाली.

"तुला माहीत नव्हतं?" कंपाउंडरनी विचारलं.

"थोडं थोडं होतं," तो खाली मान घालून म्हणाला.

"अरे वेड्या, तुझ्या देशात याच गुन्ह्याला दहा वर्षं मिळाली असती. इथे जीव जातो."

त्याची आई सहा महिन्यांनी एकदा यायची. भेट जाळीआडून, हात लावायची सोय नाही. जाताना ती दवाखान्याच्या दारात थांबायची. "भाऊ, किती भरला हो?"

सांगायला परवानगी नव्हती. तरी कंपाउंडर हळूच सांगायचे, "अर्धा किलो वाढलाय, आई."

"म्हणजे खातोय तर!" तिचा चेहरा फुलायचा.

मग दयेचा अर्ज फेटाळला गेला. फाशीआधी वजन घ्यावं लागतं, दोराची लांबी त्यावरून ठरते. त्या दिवशी कंपाउंडरांकडून सरकतं वजन तीनदा खुणेपुढे गेलं. शेवटी शिंपीच म्हणाला, "सावकाश करा, भाऊ. मला कुठे घाई आहे?"

एकसष्ट किलो. मी खरं तेच सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या खरेपणाचा राग आला.

फाशी झाल्यावर आई त्याचे कपडे न्यायला आली. नेहमीसारखी दारात थांबली. कंपाउंडरच म्हणाले, "एकसष्ट होता, आई. शेवटपर्यंत जेवत होता."

तिने माझ्या पाटावरून हात फिरवला. मग कंपाउंडरांच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही आज काही खाल्लं नाहीत ना?"

शेवटच्या भेटीला मुलासाठी आणलेली, पहारेकऱ्याने परत केलेली बिस्किटं तिने पिशवीतून काढली. दवाखान्यात खुर्ची एकच, तिच्यावरही फायलींचा ढीग. म्हणून दोघं माझ्याच पाटावर बसली. तिने त्यांच्या हातावर बिस्किट ठेवलं आणि ते खाईपर्यंत त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आता मी गंजून अडगळीत पडलोय. त्याचं मला फारसं दुःख नाही. फाशी असावी की नसावी, यावर देशोदेशी मोठी माणसं भांडतात. मला लोखंडाला त्यातलं काय कळणार! माझं मागणं लहानसं आहे. मित्रांनो, चुकलेल्या लेकाची आई तुमच्या दारात आली, तर तिला आधी बसायला खुर्ची द्या.