पुलापलीकडचा पिवळा

ढुंढिराजकाकांनी पडद्यावरच्या गंगेला हात जोडले आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

हो, पडद्यावरच्या! प्रशिक्षण केंद्रातली इंजिनाची खोटी केबिन, काचेच्या जागी पडदा, त्यावर संगणकाने काढलेला आपला राजघाटचा पूल आणि खाली निळा पट्टा. चौतीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाने त्या पट्ट्याला डोळे मिटून नमस्कार केला. तेवढ्यात पुलापलीकडचा पिवळा, म्हणजे वेग कमी करायला सांगणारा सिग्नल निघून गेला.

"काका, ही गंगा नाही, चित्र आहे!"

"अगं मुक्ते, हात आपोआप उठतात. क्या करें?"

इंजिन चालवणाऱ्यांना लक्ष कसं द्यायचं ते शिकवणं ही माझी नोकरी. आठ वर्षं घसा फोडून एकच सांगतेय, सिग्नल आधी बघा, मग त्याचा रंग मोठ्याने पुकारा. पालथ्या घड्यावर पाणी! सगळे माना डोलवतात, चहा पितात आणि पुन्हा सवयीनेच गाडी हाकतात. त्यात काका मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्याच गल्लीतले, लहानपणी मला खांद्यावर घेऊन घाटावर नेणारे. चाचण्या तीनच मिळतात. दोन नमस्कारात गेल्या होत्या. तिसरी गेली तर निवृत्तीला दोन वर्षं असताना काका इंजिनावरून कायमचे उतरणार, आणि तो कागद मी लिहायचा.

"आता हात हँडलवर. डोळे उघडे. माझी शपथ आहे तुम्हाला."

पूल आला. काकांचे हात हलले नाहीत, पापणी लवली नाही. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे. पुलाच्या टोकाशी काकांनी खणखणीत पुकारलं, "हिरवा!"

सिग्नल पिवळा होता. भोंगा वाजला.

"यंत्र खराब आहे तुझं!" काका उसळले. "डोळे उघडे होते ना? मी हिरवा बघितलाय, अपनी आँखों से!"

मी कपाळावर हात मारला आणि चाचणीची चित्रफीत लावली. माणसाची नजर जिथे जाते तिथे त्यात लाल ठिपका दिसतो. पूल लागल्यापासून संपेपर्यंत काकांचा ठिपका पाण्यावर होता. सिग्नलकडे तो एकदाही फिरकला नव्हता.

"परत लाव," काका म्हणाले. मी लावली. मग आणखी एकदा.

"मागच्या मंगळवारी खरी गाडी आणली मी याच पुलावरून," ते हळूच म्हणाले. "बावीस डबे."

"सिग्नल कुठला होता?" मी रागातच विचारलं.

"हिरवा," काका लगेच म्हणाले. मग थांबले. "हिरवा म्हणालो होतो गं. होता का, ते आता कसं सांगू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. रडूच आलं.

काकांनी टेबलावरचा कागद माझ्यापुढे सरकवला. "नापास लिही. आणि नव्या पोरांना भाषण देऊ नकोस, माझा हा ठिपका दाखव."

मी लिहिलं. काका उठले, केबिनमधून उतरताना वाकून तिच्या पायरीला हात लावला आणि तो कपाळाला नेला.