दोऱ्याची खाच

एका पट्टीला टांगलेले दात – नुसते दात, ना हिरडी ना ओठ – डॉक्टरीणबाई त्याच्या तोंडाशी धरून एकेक पुढे सरकवत होत्या.

"काका, हा तुमच्या रंगाच्या जवळचा. पण एवढं करताच आहात, तर जरा उजळ घ्या."

जन्मभर त्याने गिऱ्हाइकांपुढे असेच अस्तराचे तुकडे धरले होते, हा घ्या, हा जरा उजळ आहे… आता त्याच्याच तोंडाला अस्तर लागणार होते. हा तिसरा दवाखाना. पहिल्या डॉक्टरने पडद्यावर त्याच्याच फोटोत नवे दात बसवून दाखवले, तेव्हा कुणी विमा एजंट आपल्याकडे बघून हसतोय असे वाटून त्याने मान फिरवली. दुसरा सगळा वेळ मुलीशीच बोलला, जणू हा रडणारे पोर आहे आणि खाऊ देऊन गप्प बसवायचे आहे.

"बाबा, नीट बघा ना. या बाईंना सगळ्यांनी पाच तारे दिलेत," मुलगी म्हणाली.

"तारे बघायला गच्चीवर गेलो असतो."

"झालं सुरू!"

चूक त्याचीच. बायको गेल्यानंतर घरच्यांच्या पहिल्या फोटोच्या वेळी फोटोवाला 'हसा, हसा' म्हणून मागे लागला आणि याचे ओठ काही उघडेनात. मुलीने विचारले, का हो? काहीतरी सांगायचे म्हणून तो म्हणाला, दात बरे दिसत नाहीत. संपले! पोरगी आईवरच गेलेली, एकदा हातात घेतले की तडीस नेणार. आता तिला कोणत्या तोंडाने सांगायचे की दात नव्हे गं…

"आणि ही खाच कसली?" बाईंनी पुढच्या दाताच्या कडेवर आरसा टेकवला. "नखं खाता?"

"शिंपी आहे मी. दोरा तोडून पडली."

"कात्री नसते का तुमच्याकडे?"

असते. गळ्यातच असते. पण काजेबटणे बायकोकडे होती. मशीनसमोरच्या स्टुलावर बसून ती बटण लावायची, गाठ मारायची आणि बाही उचलून सरळ त्याच्या तोंडाशी आणायची – "अहो, तोडा." त्याचे हात शिलाईत अडकलेले, तो मान न वळवता दोरा दातात धरायचा, तट्‌कन तोडायचा. तिच्याही मांडीवर कात्री असायची. तिलाही दात होते. मग माझ्याच तोंडाशी का?… कधी विचारलेच नाही.

"ती खाच झाकली जाईल," बाई म्हणाल्या. "दातावर पातळ चकती बसवायला त्याचा वरचा थर थोडा घासावा लागतो, तो परत येत नाही, हे आधीच सांगते. आणि नंतर दोरा तोडायचा नाही हं. चकती निघून येईल."

बाहेर काउंटरवरची मुलगी डायरी उघडून विचारत होती, कधीची वेळ देऊ? लेकीने पर्स उघडली, तेव्हा त्याला दिसले की तिच्या बाहीचे बटण एका दोऱ्यावर लोंबकळते आहे. शिंप्याची मुलगी, आणि ही तऱ्हा! त्याने वैतागून कॉलरखाली टोचलेली सुई काढली, दोरा ओवलेलाच होता.

"बाबा, इथे? लोक बघताहेत."

"बघू देत. हात धर इकडे."

चार टाके, वेढा, गाठ. कात्री आज दुकानात राहिलेली. तो खिसे चाचपत होता, तेवढ्यात लेकीने, डायरीकडेच बघत, मनगट उचलून त्याच्या तोंडाशी आणले.

"तोडा."

दोरा आपोआप खाचेत जाऊन बसला.

"काका, मग कधीची देऊ?"

तोंडात दोरा होता, बोलता येत नव्हते. त्याने दात दाबले नाहीत. लेकीने एकदा वळून त्याच्याकडे पाहिले. आणि तो तसाच राहिला, दोरा दातांत, तिचे मनगट हनुवटीला टेकलेले… सकाळपासून डोक्यात बसलेला वैताग आता नेमका कुणावर काढायचा, तेच त्याला आठवेना.