बिडाच्या जलसेतूची जागा

गुंजवडीच्या ओढ्यावरचा बिडाचा जलसेतू ट्रकमध्ये घालून नेला, तरी कालव्याचं पाणी त्याच्या जागेवरून तसंच वाहत राहिलं. हवेतून, चौकोनी, आपल्या मापात. जतनवाले निमकर साहेब म्हणाले, "दीडशे वर्षांचं बीड आहे. पाण्यानं गंजतंय. पाण्यापासून लांब नेलं तरच वाचेल." आणि पाण्याचं काय, असं मी विचारलं. "त्याला सवय आहे," ते म्हणाले आणि माझी सही घेऊन गेले.

पाण्याच्या बरोबर खाली माझ्या बायकोची, सगुणाची चहाची टपरी आहे. वर जलसेतू होता म्हणून तिनं कधी छप्पर घातलं नाही.

मी या कालव्याचा पाटकरी. रोज सकाळी हातोडीनं जलसेतूची एकेक प्लेट वाजवायची आणि कुठं चीर गेली का ते ऐकायचं, हे माझं बावीस वर्षांचं काम. दुसऱ्या दिवशी वाजवायला काही नव्हतं, म्हणून मी घरीच बसलो. पाणी हातभर खाली आलं. मी भाकरीचा बिडाचा तवा घेऊन पळत गेलो आणि काठावर वाजवला, तेव्हा ते वर गेलं.

"सगुणा, बाहेर ये," मी ओरडलो. तिनं टपरीबाहेर एक पाऊल टाकलं आणि पाणी ढासळायला लागलं. चुलीपाशी तिचं असणं त्याच्या सवयीचं होतं. ती मागं सरकली.

"मी हितंच बसते," ती म्हणाली. "तुम्ही वाजवत ऱ्हावा."

कालवा बंद करा म्हणून मी ऑफिसात फोन केला. उसाची पाळी चालू आहे, असं उत्तर मिळालं. उसापुढे कुणाचं चालतं?

चौथ्या दिवशी तवा फुटला. मग मी गावातले तवे मागून आणले, तेही फुटत गेले. लोक मला शिव्या घालू लागले, त्यात त्यांची काही चूक नव्हती. पाणी इतकं खाली आलं की सगुणा वाकून चहा करायची. आधण ठेवायचं झालं की पातेलं नुसतं वर धरायची, ते भरून खाली यायचं. गिऱ्हाईकं कौतुक करायची.

शेवटचा तवा फुटला तेव्हा मी हातोडी स्वतःच्या छातीवर मारली. टण्णकन आवाज आला. दुखलं नाही. पाणी पार वर गेलं आणि सगुणा कितीतरी दिवसांनी सरळ उभी राहिली.

"ह्योच आवाज," ती म्हणाली. "आता थांबू नका."

दुपारी निमकर साहेब ट्रक घेऊन आले. त्यांच्या मोजणीत एक प्लेट कमी भरत होती. त्यांनी माझ्या पाठीला कान लावला.

"सापडली," ते म्हणाले.

त्यांच्या माणसांनी माझ्या पाठीवर खडूनं नंबर घातला आणि मला गोणपाटात गुंडाळलं.

"साहेब, खाली माझी बायको आहे हो!"

"हलू नका. जपून न्यायचंय."

ट्रक सुरू झाला. मी मागं तोंड करून छाती बडवत राहिलो, जितकं लांब जाऊ तितकी जोरात. वळणापर्यंत सगुणा मला दिसत होती. तिनं दोन्ही हात वर करून पाणी धरलं होतं, आणि तिचे गुडघे हळूहळू वाकत होते.