कोर्ट्स मार्शल

छावणीतल्या अधिकाऱ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी त्या दुपारी लष्करी शब्दांची अनेकवचनं घेतली. फळ्यावर लिहिलं: मेजर जनरल्स. त्याखाली, सार्जंट्स मेजर.

"पहिला मुळात जनरल, म्हणून एस जनरलला. दुसरा मुळात सार्जंट, म्हणून एस मधेच."

"म्हणजे जनावर पाहून शेपूट लावायचं!" कॅप्टन म्हणाला. वर्ग खो खो हसला.

मागच्या बाकावरचा मेजर हसला नाही. एरवी तो तोंडही उघडत नसे. आज त्याने विचारलं, "बाई, कोर्ट मार्शलचं काय होतं?"

"कोर्ट्स मार्शल. मुख्य शब्द कोर्ट."

"नक्की ना? संध्याकाळी परदेशी पत्रकारांपुढे वाचायचंय. हसं नको व्हायला."

बाईंचा खडू फळ्यावर तसाच टेकून राहिला. त्यांचा धाकटा भाऊ पुलावरच्या तुकडीत होता. जमावावर गोळी चालवायला त्या तुकडीने नकार दिल्याची कुजबुज बाजारात होती, आणि भावाचा फोन लागत नव्हता.

"म्हणजे लष्करी खटले... बऱ्याच जणांवर?"

"एकावरच असता तर विचारलं असतं का?" मेजरने पेनाला टोपण लावलं. "तुम्ही व्याकरणापुरतं बघा."

तास संपल्यावर कॅप्टन फळा पुसायच्या निमित्ताने रेंगाळला. "त्या तुकडीतल्यांच्या घरच्यांनाही उचलताहेत," तो पुटपुटला. "वहिनींना आजच माहेरी धाडा. मी काही बोललो नाही."

घरी भावजय शेंगा सोलत बसली होती. बाईंनी दार लावून घेतलं. "ऊठ. लेकीला घे आणि माहेरी जा."

"अहो ताई, असं अचानक? ह्यांचं काही कळलं का?"

"अजून नाही. कळलं की सांगते."

भावजयीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. शेंगा तशाच टाकून ती उठली.

दोघींना बसमध्ये बसवून बाई छावणीवर परतल्या. दुपारी सलाम ठोकणाऱ्या पहारेकऱ्याने आता बंदूक आडवी धरली.

"शिकवणी संपली, बाई. घरी जा."

"शिकवायला नाही आले. भावाला भेटायचंय."

त्याने नजर चुकवली. फाटकाजवळ भिंतीला टेकून आधीच बऱ्याच बायका बसल्या होत्या. एकीने सरकून जागा दिली.

अंधारून येता येता फाटक उघडलं. ताडपत्रीने झाकलेला ट्रक बाहेर पडला, तशा सगळ्या धावल्या. बाईंनी भावाला घरच्या नावाने हाक मारली. प्रत्येकीने आपापल्या माणसाला मारली. ताडपत्रीखालून कुणीतरी ओ दिली. ती कुणाच्या हाकेला होती, ते एकीलाही कळलं नाही.