झालं की केलंस

विमान चालवायला शिकवणाऱ्या त्या शाळेत मोठ्या सरांची एक खोड सगळ्यांना तोंडपाठ होती. शिकणारा हवेत जरा निवांत झाला, की सर बाहेर बोट दाखवायचे, "ती पाण्याची टाकी बघ, वरून केवढीशी दिसते," आणि त्याची मान तिकडं वळते न वळते तोच सरांचा हात पुढं सरकून समोरच्या दोन टीव्हीसारख्या पडद्यांपैकी डाव्याचा उजेड पार घालवून टाकायचा. मान परत येईपर्यंत समोर काळंकुट्ट. शाळेत या प्रकाराला 'अमावस्या' म्हणत. अमावस्या झाली, की शिकणाऱ्यानं मोठ्यानं "डावा पडदा गेला" म्हणायचं आणि मधलं लाल बटण दाबायचं. मग विमान सरळ आहे की कललंय, किती उंच आहे, किती वेगात आहे, ही डावीकडची सगळी माहिती उजव्या पडद्यावर येऊन बसायची. हे नीट जमलं की सर हसायचे आणि उजेड परत करायचे.

शिकवायची पद्धत म्हणून यात वाईट काही नव्हतं. पडदा खरंच गेला तर माणूस गांगरू नये, एवढाच हेतू. वाईट होतं ते सरांचं व्याकरण. दुसऱ्याच्या हातून चूक झाली की सर म्हणत "केलंस", आणि स्वतःच्या हातून झाली की "झालं". स्वतः विमान धाडकन आपटलं तर "लँडिंग जरा जड झालं". दुसऱ्यानं तसंच आपटलं तर "काय केलंस हे! मणका मोडलास माझा!" सोयीचं व्याकरण वापरणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण सरांइतकी त्यात पारंगत झालेली क्वचितच कोणी असतील.

त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्यांत एक बाई होती. ती आधी अ‍ॅम्ब्युलन्स चालवायची. पेशंट चांगला बोलत गाडीत चढतो आणि घाट संपायच्या आत बोलायचा थांबतो, हे तिनं इतक्यांदा पाहिलं होतं, की एक दिवस तिनं ठरवलं, रस्ता नकोच. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, "आधी काय करत होतीस?" तिनं सरळ सांगितलं, "ड्रायव्हर होते." झालं. त्या दिवसापासून ती सरांची 'ड्रायव्हर'. "ए ड्रायव्हर, हे स्टिअरिंग नाही, हलक्या हातानं धर." "ड्रायव्हर, इथं हॉर्न नसतो बरं." बाकीचे फिदीफिदी हसायचे. मग सवयीनं सगळेच तिला ड्रायव्हरबाई म्हणायला लागले, आणि तीही त्या हाकेला ओ द्यायला लागली. राग यायचा, पण विमान हवं होतं ना.

आणि आता ते हाताशी आलं होतं. विमानातून पेशंट नेणाऱ्या एका संस्थेनं तिला शब्द दिला होता, शेवटची परीक्षा पास होऊन या, जागा तुमची. मात्र याच आठवड्यात. नाहीतर रांगेत दुसरे उभेच होते. परीक्षा घेणार मोठे सर.

त्या सकाळी ती बुटाची नाडी बांधत असताना सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तो खवीस काही बोलला तर काय करशील?"

"गप्प बसेन, आई."

"बस. पण फार वेळ बसू नकोस. तुला सवय नाही."

परीक्षा अगदी दृष्ट लागावी अशी चालली होती. तीन हजार फुटांवर विमान तिनं असं धरून ठेवलं होतं, की पडद्यावरचा आकडा जणू छापलेला. सरांना शेरा मारायला जागा सापडेना. गुडघ्यावरच्या कागदावर ते पेन नुसतंच टेकवत होते.

आणि डावा पडदा काळा झाला.

तिला वाटलं, आली अमावस्या. एक गोष्ट मनात खटकली, की आज टाकी दाखवली नाही. पण परीक्षेत कशाला दाखवतील, असंही वाटलं. "डावा पडदा गेला," ती खणखणीत म्हणाली आणि लाल बटण दाबलं. उजव्या पडद्यावर सगळं उमटलं. तीन हजार फूट, इकडचा तिकडं नाही. ती थोडा वेळ थांबली. मग हसून म्हणाली, "सर, संपवता ना अमावस्या?"

"मी कुठं काय केलंय? तू काय केलंस?"

"मी हातसुद्धा नाही लावला, सर."

"काहीतरी केलंसच. पडदे आपोआप जात नसतात. सोड, विमान माझ्याकडं."

इथं त्या गुंडीबद्दल सांगायला हवं. पडद्याच्या कडेला एक गुंडी असते आणि तिला दोन कड्या, आतली लहान, बाहेरची मोठी. लहान कडी फिरवली की पडद्याचा उजेड कमीजास्त होतो. मोठी फिरवली की विमानाला बाहेरच्या हवेचा दाब सांगितला जातो, आणि त्या दाबावरून ते आपली उंची काढून दोन्ही पडद्यांवर दाखवतं. दाब चुकीचा सांगितला की उंचीही चुकीची. आंधळ्याला जिना सांगताना दोन पायऱ्या जास्त सांगाव्यात, तसंच ते. काळ्या पडद्याची फक्त दिवाबत्ती गेली होती, आत तो जिवंत होता. सरांनी तिच्या पुढून हात घातला आणि उजेड आणायला म्हणून घाईघाईनं जी कडी फिरवली, ती मोठी.

उजव्या पडद्यावरची उंची भराभर वाढली. बत्तीसशे. पस्तीसशे. विमानाचं नाक वर नव्हतं, इंजिनाचा आवाज बदलला नव्हता, पोटात काही हललं नव्हतं. फक्त आकडा चढला होता.

"बघ! उंची कुठं नेऊन ठेवलीस बघ!" सर ओरडले आणि त्यांनी नाक खाली दाबलं.

दोन्ही पडद्यांच्या खाली उंची दाखवणारं एक जुन्या पद्धतीचं गोल घड्याळ असतं, काट्याचं. त्याला स्वतःची वेगळी गुंडी. पडद्यांशी त्याचं काही देणंघेणं नाही. त्याचा काटा तीन हजारांवरून खाली यायला लागला होता. समोर डोंगर होता आणि डोंगरावर मोबाइलचा टॉवर.

"सर, खालचं घड्याळ बघा. आपण खाली चाललोय. दाबाची कडी फिरलीये."

नंतर तिला स्वतःचाच फार राग आला तो या वाक्याचा. टॉवर समोर दिसत असतानासुद्धा तिनं सरांना 'झालं' देऊ केलं होतं. कडी काय स्वतःहून फिरली?

"मला शिकवू नकोस, ड्रायव्हर!"

मग तिनं शिकवणं सोडलं आणि नुसते आकडे मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "घड्याळ सत्तावीसशे. घड्याळ सव्वीसशे. सर, टॉवर. घड्याळ पंचवीसशे. सर, टॉवर!"

सरांनी मान वर केली. टॉवरच्या टोकावरचा लाल दिवा दिसत होता. त्यांनी नाक असं खेचलं, की दोघंही सीटमध्ये रुतले. विमान सावरलं. सरांनी गुपचूप मोठी कडी उलटी फिरवून जागेवर आणली. मग ते खाकरले.

"हं," ते म्हणाले. "झालं."

सरांनी विमान परत तिच्याकडं दिलं, तसं तिनं ते उतरवलं, इंजिन बंद केलं, चावी काढली. मनात म्हणाली, जाऊ दे, जिवावरचं बोटावर निभावलं. आता ऑफिसात जायचं, मेकॅनिकला पडद्याचं सांगायचं, निकाल घ्यायचा.

निकाल टेबलावर तयार होता. 'नेमून दिलेली उंची राखता आली नाही. पडद्यांची हाताळणी असमाधानकारक. नापास.'

तिनं तो कागद दोनदा वाचला. रागानं कानशिलं तापली तिची. उंची राखता आली नाही! कोणाला? जी उंची यांनी घालवली, ती हिच्या नावावर? चोर सोडून संन्याशाला सुळी, असं ऐकलं होतं. पण इथं चोरच न्यायाधीश होऊन बसला होता आणि वर संन्याशाला म्हणत होता, सही कर.

"सर, विमान तेव्हा तुमच्याकडं होतं."

"पडदा कोणामुळं गेला? तू काहीतरी केलंस, म्हणून मला घ्यावं लागलं."

"पडद्यातच बिघाड आहे. मेकॅनिकला बोलवा, तपासू देत."

आता सरांचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला. मेकॅनिकनं विमान उघडलं, की ते किती दिवस अडकेल सांगता येत नाही. पडद्यांचं विमान शाळेत हे एकच. "हे बघ. नवीन कागद घेतो. चुकून हात लागून पडदा बंद झाला, पण पुढं नीट सावरलंस, असं लिहितो. तू सही कर. पास. नोकरी तुझी, विमान मोकळं. कोणाचं काय बिघडलं?"

ती गप्प बसली. आईंना तसं कबूल केलं होतं. एका सहीवर नोकरी होती. सगळे घाट, ते सगळे बोलायचे थांबलेले पेशंट त्या एका सहीनं मागं पडणार होते. खोटं तरी केवढं? एका हाताएवढं.

तेवढ्यात दारात बँकवाले काका आले. रिटायर झाल्यावर हौसेनं शिकायला लागलेले, आज पहिल्यांदाच एकटे उडणार होते. गळ्यात नवा कोरा हेडफोन. "सर, विमान मोकळं झालं का? चावी द्या, मी निघतो. घरचे सगळे बघायला आलेत हो कुंपणापाशी."

"झालंच," सर म्हणाले. "ड्रायव्हर, चावी दे काकांना."

तिनं खिशात हात घातला. चावी मुठीत आली आणि तिथंच राहिली.

अ‍ॅम्ब्युलन्सच्या डेपोत एक रीत होती. गाडी बिघडलेली असली, की ड्रायव्हर तिची चावी खिळ्याला अडकवत नसे. खिळ्यावर चावी म्हणजे गाडी ठणठणीत, कोणीही न्या. बिघडलेल्या गाडीची चावी ड्रायव्हरच्या खिशात, आणि तिथून थेट मेकॅनिकच्या हातात. मधे साक्षात डेपोचा साहेब आला तरी नाही.

"नाही देणार," ती म्हणाली.

"काय?"

"मी ड्रायव्हर आहे, सर. तुम्हीच रोज सांगता. बिघडलेल्या गाडीची चावी ड्रायव्हर मेकॅनिकशिवाय कोणाला देत नसतो. तुमचा तो पास ठेवा तुमच्याकडंच. यांचे घरचे बाहेर कुंपणाला नाक लावून उभे आहेत, आणि तुम्ही विचारता, कोणाचं काय बिघडलं?"

सर ताडकन उठले. काय वाट्टेल ते बोलले, पुन्हा या धावपट्टीवर पाय ठेवून दाखव इथपर्यंत गेले. आरडाओरडा ऐकून मेकॅनिक हात पुसत आला. तिनं चावी त्याच्या हातात दिली आणि थोडक्यात सांगितलं. सगळी वरात विमानाकडं निघाली.

मेकॅनिकनं बॅटरी चालू केली. दोन्ही पडदे लखलखीत.

"बघा!" सर म्हणाले. "सोन्यासारखं विमान. ही स्वतः काहीतरी करते आणि..."

"तापू द्या," ती म्हणाली. "वरही लगेच नव्हता गेला."

मेकॅनिकनं बॅटरीला बाहेरून वीज जोडली. सगळे पंखाखाली उभे राहिले. ऊन तापत होतं.  सरांनी दोनदा मनगटावरचं घड्याळ बघितलं. काकांनी हेडफोन गळ्यातून काढला, परत घातला, परत काढला.  पडदा नाहीच गेला तर नोकरीही गेली आणि तोंडही दाखवायला जागा उरली नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

डावा पडदा काळा झाला.

सर तेव्हा पंखाच्या पार टोकाला उभे होते आणि त्यांचे दोन्ही हात पाठीमागं बांधलेले होते. ते सगळ्यांनीच पाहिलं.

मेकॅनिकनं पडद्यामागं हात घालून चाचपलं. "तार सैल आहे. गरम झाली की सुटते." त्यानं बॅटरी बंद केली आणि चावी स्वतःच्या खिशात टाकली. काकांनी हातातला हेडफोन गुंडाळून ठेवला.

सर मोठ्यानं हसले. "चला! सुटला गुंता. काय आहे, गडबडीत जरा गैरसमज झाला. ड्रायव्हर, ये, नवीन कागद करतो. पास तू."

ती जागची हलली नाही.

"सर, कडीचं काय?"

"कुठली कडी?"

"दाबाची."

"अगं, ते... ते झालं घाईत."

"झालं नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण कुंपणापर्यंत ऐकू गेला. "पडद्याचं झालं. तार सैल होती, ते झालं. कडीचं झालं नाही. कडीचं केलं. कोणी केलं तेवढं सांगा यांच्यासमोर. मग मी कागद घेईन."

सरांनी मेकॅनिककडं बघितलं. मेकॅनिक काळ्या पडद्याकडं बघत होता. त्यांनी काकांकडं बघितलं. काका मात्र थेट त्यांच्याकडंच बघत होते.

"मी," सर म्हणाले. मग तो शब्द पहिल्यांदाच तोंडात घेतल्यासारखे अडखळले. "मी केलं."

"लिहा," ती म्हणाली, आणि खिशातलं पेन काढून त्यांच्यापुढं धरलं.