बंद पडलेल्या कंपन्या

रविराजनं आपल्या प्रबंधात आभार मानताना कुणालाच सोडलं नव्हतं. आई-वडील, कुलदैवत, गाईड हरिओम सर, संस्थेचे समस्त संचालक, एवढंच काय, बीडहून विद्यापीठात गाडी घेऊन जाणारा ड्रायव्हर हनुमानसुद्धा त्या पानावर होता. नव्हती ती फक्त शिवकन्या. आणि खरं सांगायचं तर आभाराचं पान सोडलं तर त्या अख्ख्या प्रबंधात रविराजनं स्वतः लिहिलेलं दुसरं पान सापडणं मुश्किल होतं.

बाकी सगळं शिवकन्याचं होतं, विषयापासून. ती शिरूर कासारकडची. तिचे आई-वडील, सावित्रीबाई आणि उत्तरेश्वर, दिवाळी आटोपली की ऊस तोडायला निघायचे. ती लहान असताना एका हंगामात मजुरांनी संप केला, कोयते म्यानात गेले आणि टोळ्या गावातच बसून राहिल्या. तेव्हा उत्तरेश्वर ओट्यावर बसून म्हणाला होता, "आपुन बसलो तर त्येंचं काय बिघडायलंय?" पोरीच्या डोक्यात तो प्रश्न जो रुतला तो एम.कॉम. झाली तरी निघाला नाही. मजूर संपावर गेले की शेअर बाजारात साखर कंपन्यांचे भाव पडतात का, हे आकड्यांनी शोधून काढायचं असं तिनं ठरवलं आणि विषय लिहून हरिओम सरांच्या टेबलावर ठेवला.

सरांनी वाचलं आणि म्हणाले, "सोनं आहे बाळा हे." सोनं असल्यामुळंच ते तिच्याकडं राहिलं नाही. सरांकडं पीएच.डी.ची एकच जागा होती, आणि सिरसाळ्याचे विठ्ठलराव संस्थेचे अध्यक्ष होते. त्यांच्या चिरंजीवांना, म्हणजे रविराजला, नावापुढं डॉक्टर लागायची घाई झाली होती. जागा गेली, जागेबरोबर विषयही गेला. शिवकन्याला सांगण्यात आलं की तू मदतनीस म्हणून राहा, पुढच्या वर्षी तुझी नोंदणी नक्की. ते पुढचं वर्ष काही उगवलं नाही.

एकदा तिनं विचारायचं धाडस केलं, तर सर हसून म्हणाले, "अगं, ऊसतोडीत कसं असतं? नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तसं समज." सर याच मातीतले, त्यामुळं बरोबर वर्मावर बोलले. एक कोयता म्हणजे दोन माणसं, हे फडातल्या लेकरालाही ठाऊक असतं. मुकादम नाव लिहितो ते मात्र नवऱ्याचं. सावित्रीबाईनं अर्धं आयुष्य मोळ्या वाहिल्या, पण कुठल्याच मुकादमानं तिचं नाव लिहिलं नाही. शिवकन्या मान हलवून कामाला लागली. मनात मात्र म्हणाली, फडात नवरा निदान कोयता तरी चालवतो.

काम म्हणजे काय होतं? साखर कंपन्यांचा मिळून एक निर्देशांक बांधायचा होता. निर्देशांक म्हणजे पुष्कळ कंपन्यांच्या भावांचा एकत्र काढलेला एक आकडा, अख्खा बाजार वर चाललाय की खाली, हे सांगणारा. त्यासाठी जुने भाव लागतात, आणि ते ज्या डेटाबेसमध्ये मिळतात तो विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरच उघडायचा. शिवकन्या पहाटेची एसटी पकडून जायची, तासभर रांगेत थांबायची आणि भाव उतरवून आणायची. त्या डेटाबेसची खोड तिला फार उशिरा कळली. साखर कंपन्या दाखव म्हटलं की तो फक्त आज जिवंत असलेल्या कंपन्या दाखवायचा. बंद पडल्या, विकल्या गेल्या, बाजारातून नाव कमी झालं, त्या दिसायच्याच नाहीत. त्यांच्यासाठी खाली एका कोपऱ्यात वेगळी खूण करावी लागायची. ती खूण केली तेव्हा कुठं सगळा हिशोब फिरला. जिवंत कंपन्याच घेतल्या तर संपाचा कुणालाच काही फटका बसलेला दिसत नव्हता. बंद पडलेल्याही धरल्या की दिसायचं, संप झाला की निर्देशांक खाली यायचा, आणि ज्या कंपन्या आधीच डबघाईला आल्या होत्या त्यांतल्या काही त्यातून उठल्याच नाहीत. जत्रेला आलेल्यांना विचारून गावात कुणी आजारी नाही म्हणण्यासारखा तो प्रकार होता. बापाच्या प्रश्नाचं उत्तर तिला सापडलं होतं. त्या दिवशी परतीच्या एसटीत ती एकटीच हसत होती.

ते उत्तर रविराजला नुसतं खुपलं. प्रबंध जमा करायच्या आधी त्याचा फोन आला.

"हे मधीमधी रिकामे खाने कशाचे गं? ग्राफ तुटायलाय."

"बंद पडलेल्या कंपन्या हायेत सर. बंद पडल्यावर भाव कुठून येणार?"

"मेलेल्यांची वरात कशाला काढायलीस? काढून टाक त्या. चालू हायेत तेवढ्याच ठेव."

"सर, त्या काढल्या तर निकालच उलटा होतो."

"तू मला शिकवू नको. सांगितलं तेवढं कर. आण्णांला बी तसाच निकाल पाह्यजे, संपानं काई होत न्हाई म्हणून."

आण्णा म्हणजे विठ्ठलराव. शिवकन्यानं फोन ठेवला आणि ठरवलं, उद्या हरिओम सरांना भेटायचं, पाया पडायची वेळ आली तरी पडायचं, पण ही चूक होऊ द्यायची नाही. विषय तिचा होता, कुणाच्याही नावावर का असेना. आणि दुसऱ्याच दिवशी पानं जुळवायला म्हणून अख्खा प्रबंध तिच्याकडं आला, त्यात ते आभाराचं पान होतं. तिनं ते दोनदा वाचलं. हनुमान ड्रायव्हरचं नाव तिसऱ्यांदा वाचलं. सरांकडं जायचं तिनं रद्द केलं.

मग ती बसली आणि सांगितलं तसं केलं. एकेक बंद कंपनी निवडून काढली. खाडाखोड केली नाही, खोटा आकडा घातला नाही, साहेबांच्या हुकमात काडीचा फरक केला नाही. असं मन लावून काम तिनं त्या सगळ्या काळात केलं नसेल. प्रबंध जमा झाला. बाहेरून परीक्षक म्हणून पुण्याच्या प्रियदर्शनी मॅडम येणार होत्या, आणि प्रबंध वाचून त्यांनी आपल्या अहवालात स्वच्छ लिहिलं होतं, कंपन्यांची निवड कशी केली ते उमेदवारानं व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सांगावं. रविराजनं तो अहवाल 'बघू की' म्हणून गाडीच्या मागच्या सीटवर टाकला होता. शिवकन्यानं तो मन लावून वाचला होता. तिला गाढ झोप लागायला लागली. आपण असं सुखानं झोपतोय याची तिला लाज वाटली नाही.

व्हायवा खुला होता, म्हणजे कुणीही यावं, ऐकावं, विचारावं. सिरसाळ्याहून जीपा भरून माणसं आली. कॉलेजच्या मैदानात मांडव, मांडवात जेवण, गेटवर 'डॉ. रविराज' असं लिहिलेला बॅनर आणि त्याच्या शेजारी फुलांनी भरलेला जेसीबी. आपल्याकडं नगरसेवक झाला तरी जेसीबीनं फुलं उधळतात, हा तर डॉक्टर होणार होता. सावित्रीबाईही आली होती, पोरीचं काम बघायला. मागच्या रांगेत बसल्या बसल्या तिनं विचारलं, "तुजं नाव घेतेल का गं?"

"बघू," शिवकन्या म्हणाली आणि प्रोजेक्टरपाशी जाऊन उभी राहिली.

रविराज छान बोलला. पाठांतर पक्कं होतं. संपानं साखर कंपन्यांवर काहीही परिणाम होत नाही हे त्यानं ठणकावून सांगितलं तेव्हा पहिल्या रांगेतून विठ्ठलरावांनी स्वतः टाळी वाजवली, मग सगळा हॉल वाजला. मॅडमनी टाळ्या संपू दिल्या.

"या काळात साखरेच्या किती कंपन्या बंद पडल्या?" त्यांनी विचारलं.

"एकपण नाही मॅडम."

"एकही नाही?"

"माझ्या डेटात एकही नाही."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. एक कारखाना तर बीडपासून फार लांब नव्हता, त्याचं गंजलेलं गेट तिथल्या निम्म्या माणसांनी पाहिलं होतं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "मंग आमी कुठं गेलतो ऊस घालायला?" दोघं-तिघं हसले.

मॅडम हसल्या नाहीत. "डेटा कुणी गोळा केला?"

"मी स्वतः."

"मग सांगा, डेटाबेसमध्ये कंपन्या निवडताना काय काय केलंत? पहिल्यापासून सांगा."

रविराजनं घाम पुसला. डेटाबेस उघडतात कसा हेच त्यानं कधी पाहिलं नव्हतं, तर निवडतात कसं हे कुठून सांगणार. त्यानं हरिओम सरांकडं पाहिलं. सरांनी प्रोजेक्टरकडं पाहिलं आणि अगदी मायेनं म्हणाले, "शिवकन्या, तू सांग ना गं. तुला माहीत आहे सगळं."

सगळा हॉल तिच्याकडं वळला. उत्तर तिच्या जिभेवर होतं. दोन वाक्यांत सांगितलं असतं तर सरांची, रविराजची, संस्थेची लाज राहिली असती. मदतनिसाची चूक म्हणून सगळं तिच्यावर ढकलून महिन्याभरात दुरुस्त केलं असतं. तिला मोळ्या वाहणारी आई आठवली नाही, अन्याय-बिन्याय काही आठवला नाही. तिला हनुमान ड्रायव्हर आठवला.

"मला कसं माहीत असणार सर?" ती म्हणाली. "रविराज सर म्हणाले ते खरं आहे मॅडम. डेटा त्यांनी स्वतःच गोळा केला. माझा त्यात कसलाच हात नाही."

रविराजच्या तोंडाकडं तिनं डोळे भरून पाहिलं. तो खोटं बोललाय हे तो सांगू शकत नव्हता आणि ती खोटं बोलतेय हेही सांगू शकत नव्हता. हरिओम सर खाली मान घालून पेनाचं टोपण लावत आणि काढत बसले. मॅडमनी आणखी दोन प्रश्न विचारून पाहिले. मग त्यांनी चष्मा काढला आणि पदवीची शिफारस करता येत नाही, काम पहिल्यापासून करावं लागेल, असं सौम्य आवाजात सांगितलं. विठ्ठलराव उठून बाहेर गेले. बाहेर जेसीबीवाल्यानं कुणाला तरी विचारलं, "फुलं उधळायची का न्हाई?" आणि कुणी उत्तर दिलं नाही म्हणून त्यानं उधळली. झेंडूच्या पाकळ्या रिकाम्या मैदानावर पडत राहिल्या. शिवकन्याच्या अंगात आनंद मावेना.

जिन्याजवळ रविराजनं तिला गाठलं. "ठरवून केलंस तू."

"तुमी सांगितलं तेवढंच केलं सर," ती म्हणाली आणि त्याच्या बाजूनं निघून गेली.

गाडीत बसायच्या आधी प्रियदर्शनी मॅडमनी तिला हाक मारली. जरा बाजूला घेऊन म्हणाल्या, "डेटा वाया गेला, पण विषय फार चांगला आहे. हा प्रश्न त्या मुलाला पडलेला नाही, एवढं कळतं मला. कुणाला पडला होता?"

"मला," शिवकन्या म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला. "माझाच हाय मॅडम. डेटा बी मीच काढला होता. बंद पडलेल्या कंपन्यांसकट पूर्ण काढलेला हाय माझ्याकडं."

मॅडमनी विचारलं, "मग तिथं का नाही सांगितलंत? मी त्यासाठीच विचारत होते. डेटा कुणी गोळा केला, ते."

"सांगितलं असतं तर ते सुटले असते."

"आता सगळ्यांसमोर तुम्ही सांगितलंय की तुमचा त्यात हात नाही. ते तसंच नोंदवलं गेलंय, आणि त्याखाली माझी सही झालीय. उद्या तुम्ही हेच काम तुमच्या नावानं आणलंत तर विद्यापीठ तुम्हालाच चोर म्हणेल, आणि मला गप्प बसावं लागेल." मग त्या म्हणाल्या, "दुसरा विषय घेऊन या. मी बघते काय करता येतं ते."

"दुसरा न्हाई मॅडम," शिवकन्या म्हणाली. "मला हा एकच प्रश्न पडला होता."

गाडी गेली. मांडवात जेवणं चालली होती, कारण स्वयंपाक झालाच होता आणि सिरसाळ्याच्या माणसांना भूक लागली होती. सावित्रीबाईनं तिच्यासाठी ताट धरून ठेवलं होतं. "बाईनं काय इचारलं गं?" तिनं विचारलं. शिवकन्या ताट घेऊन जेवायला बसली. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करशील का, असं कुणी त्या क्षणी विचारलं असतं तर तिनं हो म्हटलं असतं. ताटातला भात ती नुसता चिवडत बसली ती त्यामुळंच.