नऊचा खटका, आठची कॅसेट

मी खटका बोलतोय! सायकलच्या हँडलवर, उजव्या अंगठ्याखाली बसणारा गिअरचा खटका. दुकानात मला शिफ्टर म्हणतात, आणि तसं म्हटलं की मी जरा ताठ होतो. अंगठ्यानं दाबलं की मी ‘टक्’ म्हणतो, तार ओढतो, आणि मागच्या चाकावरची चेन एका चकतीवरून दुसरीवर उडी मारते. काम एवढंच, पण तोरा विचारू नका.

जन्मानं मी नऊचा. मागच्या चाकावर दातेरी चकत्यांची जी चळत असते, तिला कॅसेट म्हणतात. तिच्यात नऊ चकत्या असल्या की माझं तिच्याशी जमतं. तशी एक होतीही. एका दंतवैद्याच्या शर्यतीच्या सायकलवर आम्ही सुखात होतो. मग ती झिजली, दंतवैद्याचा उत्साह तर तिच्याही आधी झिजला, आणि माझी रवानगी सायकलच्या दुकानातल्या जुन्या सामानाच्या डब्यात झाली. तिथं एका मुक्या घंटीला घासून घासून माझ्या गिअर दाखवणाऱ्या काचेवरचे आकडे पार पुसले गेले. पुढचा सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

डब्यातून मला उचललं ते बाबांनी. बाबा म्हणजे निवृत्त लिफ्टमन. उभा जन्म एका ऑफिसात माणसं वर-खाली नेण्यात गेला. घरी ते आणि त्यांची सून, दोघंच. मुलगा लग्नानंतर लगेच बोटीवर नोकरीला गेलेला. सासरे भिडस्त, सून त्यांच्याहून भिडस्त. दिवसभरात दोघांत दोनच वाक्यं होत. “बाबा, वाढू?” आणि “वाढ.” पुढे भांडीच काय ती बोलायची.

सुनेनं बेकरीतली नोकरी सोडून घरी केक करायला घेतले होते. पहिलीच मोठी ऑर्डर आली ती लग्नाच्या तीन मजली केकची, टेकडीवरच्या सभागृहात पोचवायचा. नेमका टेकडीचा रस्ता पाइप टाकायला खणलेला, गाड्या बंद. “हा केक बिघडला ना आई, तर मी परत बेकरीच्या काउंटरवर,” असं ती फोनवर माहेरी सांगत होती. ते बाबांच्या कानावर पडलं आणि त्यांनी जिन्याखालची मुलाची जुनी, गिअर गंजलेली सायकल बाहेर काढली.

“ताई, या खटक्याला शोभेलशी कॅसेट द्या,” बाबा दुकानातल्या मेकॅनिक ताईंना म्हणाले.

“कितीचा आहे, काका?”

बाबांनी मला दाबायला सुरुवात केली. टक्, पहिला. टक्, दुसरा. आठव्या टक्‌ला मी संपलो. “आठ! अहो, मजले मोजण्यात जन्म गेला माझा.”

अरे देवा! नऊ खोल्यांच्या मध्ये उंबरठे आठच असणार की! पण लिफ्टमन तळमजला मोजतो थोडाच? मी जीव तोडून सांगणार होतो, पण मला ‘टक्’शिवाय दुसरा शब्द येत नाही.

आणि आली की आठांची कॅसेट! भारदस्त बाई, एकेक चकती ऐसपैस अंतरावर. माझं पाऊल आखूड, ते दरवेळी जरासं कमी पडायचं. दोन गिअर कसेबसे निभले, पाचव्यापर्यंत चेन दोन चकत्यांच्या मध्ये लोंबकळायला लागली. नऊचा मी, आणि आठांनी माझ्या नाकी नऊ आणले!

अंगणात चाचणी झाली. केकऐवजी कॅरिअरवर जेलीचा वाडगा ठेवला होता. खड्‌खड्, धाड्! जेली थेट बाबांच्या चपलेत. सुनेच्या कपाळाला आठ्या पडल्या. “राहू द्या बाबा, मी चालत नेईन.” जेवताना बाबांनी भात नुसता चिवडला.

सकाळी सून “अंडी आणते” म्हणून सायकल घेऊन निघाली ती सरळ दुकानात. मी हँडलवरच होतो, सगळं ऐकलं. ताई काउंटर धरून हसल्या. “काका तळमजला विसरले! पण घाबरू नका. ही तार मागच्या चाकाजवळच्या बोल्टच्या दुसऱ्या बाजूनं आवळा. खटक्यानं तेवढीच तार ओढली तरी चेन जरा जास्त सरकेल. देऊ करून?”

“नको,” सून म्हणाली. “घरीच करू.”

घरी येऊन म्हणते, “बाबा, मला आपलं सहज सुचलं. ही तार दुसऱ्या बाजूनं घेतली तर?”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या पिशवीकडे. “अंडी?”

“विसरले.”

“बरं. तू धर, मी आवळतो.”

आणि काय सांगू! मी सैल सुटलेला असताना माझी एक जागा फुकट जाते, पण तिथून पुढे आठ टक्, आठ चकत्या! “बघ,” बाबा मिश्कीलपणे म्हणाले, “तळमजला मोजायचाच नसतो.” सून लाजून लाल. दुकानात गेल्याची चोरी पकडली गेली होती.

लग्नाच्या दिवशी कॅरिअरवर केक डुगडुगायला लागला, म्हणून बाबाच केकचं उघडं खोकं मांडीवर घेऊन मागे बसले. चढ लागला. “चौथा मजला! पाचवा मजला!” बाबा मागून पुकारत होते, खणणारे कामगार कुदळी टाकून बघत होते, आणि मी आनंदानं टक्‌टक् करत सुटलो होतो. सातव्यावर सुनेचं पेडल जेमतेम फिरत होतं.

“बाबा, आता नाही होत.”

“आठवा आहे अजून. दाब!”

हा आठवाच बेभरवशाचा. एकदा लागायचा, एकदा हुकायचा. हुकला असता तर केक, सासरे, सून, सगळे पाइपाच्या चरात! तिनं दाबलं. मी होता नव्हता तेवढा जोर लावला. चेन क्षणभर अधांतरी खरखरली, आणि बसली! कॅसेटबाईंनी घेतली बरं का पदरात!

सभागृहाच्या पायरीशी खोकं उतरवलं. केक जसाच्या तसा, फक्त वरच्या मजल्यावर एक खळगा. सुनेनं खळग्याकडे पाहिलं, मग बाबांच्या नाकाकडे. नाकाला क्रीम!

“वास बघत होतो,” बाबा पुटपुटले.

ती अशी हसत सुटली की पायरीवर बसली. बाबाही बसले. खळग्यात तिनं क्रीमचं फूल काढलं, आणि नवरीला नेमकं तेच सगळ्यात आवडलं.

आता आमच्या घरी ऑर्डरींची रीघ आहे, आणि त्या दोघांच्या गप्पांपुढे भांड्यांचा आवाज ऐकूच येत नाही. परवा मुलगा बोटीवरून आला. सायकल बघून म्हणाला, “बाबा, हे काय? नऊच्या खटक्याला आठची कॅसेट? चुकीचं जोडलंय सगळं, थांबा, नीट करतो.” आणि त्यानं पाना उचलला.

स्वयंपाकघरातून दोन आवाज एकदमच आले, “हात लावू नकोस!”

तो बिचारा पाना धरून उभाच राहिला. मंडळी, तुमच्याही कुणाच्या हातात असा पाना असेल, तर माझी विनंती एवढीच: आधी एक चक्कर मारून या.